विमानाला लावलेली टिकली

मी एवढंच ठरवलं होतं, की विमानाला एक काळी बाहुली बांधायची. ह्याच्यापेक्षा जास्त माझ्या मनात काही नव्हतं, हे मी देवाला सांगितलंय, सासूला सांगितलंय, आता तुम्हाला सांगते.

विमान कोणाचं म्हणाल, तर आमचंच. आमच्या पार्किंगच्या पत्र्याखाली असतं. (लोकांच्या पार्किंगमध्ये गाडी असते. आमची गाडी बाहेर उन्हात उभी असते आणि विमान सावलीत.) श्रेयाचे पप्पा, म्हणजे शिवराज, वाळूजला एका कंपनीत टूलरूमला आहेत. दिवसभर ते लोखंडाला भोकं पाडतात आणि दमून घरी आले की विरंगुळा म्हणून ॲल्युमिनियमला भोकं पाडतात. दोन माणसं बसतील एवढं विमान. सगळे पार्ट परदेशातून लाकडी खोक्यांत आलेत, सोबत गादीएवढा जाड नकाशांचा गठ्ठा. जोडायचं आपलं आपण. शेपटीचं खोकं उघडलं तेव्हा श्रेया माझ्या पोटात होती. श्रेया आता अडीच वर्षांची झाली. ती बोलते, पळते, चावते सुद्धा. शेपूट अजून शेपूटच आहे.

गल्लीतले लोक येता-जाता विचारतात, "काय वहिनी, उडणार का हे?" त्यांना वाटतं उडणार नाही. मला वाटतं, उडालं तर काय करायचं? माझा स्वभावच तसा आहे. श्रेया दोनदा शिंकली की मी वाफेचं भांडं ठेवते. हे मोटारसायकलवर वाळूजला निघाले की पोचल्याचा फोन येईपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. आणि हा माणूस आकाशात जाणार, तेही स्वतः जोडलेल्या वस्तूत बसून! ह्यांनीच बसवलेला आमच्या मोरीतला नळ आजही उलटा फिरतो. पाव्हणा आला की त्याला आधी शिकवावं लागतं.

म्हणून मी म्हटलं होतं, की निदान लिंबू-मिरची तरी बांधू.

"अगं, त्या स्पीडला लिंबू टिकंल का?" हे म्हणाले. "सुटलं आणि मागं शेपटीवर बसलं, तर लिंबानंच अपघात व्हायचा."

"मग काळी बाहुली?"

"नकाशात आहे का बाहुली?"

नव्हती. मी बघितलं, सगळा गठ्ठा उलटापालटा केला. ज्यांनी नकाशा काढला त्यांच्या देशात दृष्ट लागत नसावी.

आता रविवारी काय होणार होतं, ते सांगते. शेपटीच्या आत एक आडवी पट्टी असते, हे तिला स्पार म्हणतात. माझ्या हातानं दोन-अडीच हात लांब. दिसायला पडद्याच्या पट्टीसारखी, पण सगळं शेपूट म्हणे तिच्यावर तोललेलं असतं. ती आत बसवून वरून पत्रा रिपिटांनी, म्हणजे दोन्हीकडून चेपायच्या बारीक खिळ्यांनी, बंद करायचा होता. त्याआधी अभय सर येऊन ती तपासणार. सर एअरफोर्समधून रिटायर झालेले, उभा जन्म विमानं दुरुस्त केलेली. ते बघतात, वहीत सही करतात, मग रिपीट. आणि एकदा रिपीट मारली की आतलं पुन्हा कोणाला दिसत नाही.

कोणाला दिसत नाही! मला तेवढंच पाहिजे होतं. बाहुली आत बांधून टाकायची. ह्यांना पत्ता नाही, नकाशाला पत्ता नाही, दृष्टीला मात्र बरोबर पत्ता लागणार.

शनिवारी ह्यांची पहिली पाळी होती. श्रेया झोपली. सासूबाई ओट्यावर वाती वळत बसल्या. मी काळ्या कापडाची बोटभर बाहुली केली, तिला तार ओवली आणि पार्किंगमध्ये गेले. पट्टीला शंभर भोकं होती, पण ती सगळी रिपिटांसाठी रिझर्व. माझ्या बाहुलीला एक जागा रिकामी नाही. मग म्हटलं, शंभराला एकशे एक. शुभ असतं. शिवाय मी विचार करून भोक अगदी काठाला पाडायचं ठरवलं, म्हणजे कोणाच्या वाटेत येणार नाही. (सून म्हणून आठ वर्षं काढली की अंग चोरून काठाला बसायची सवय लागते.)

ड्रिल मशीन मी रोज बघते. बटण दाबलं की घुर्रर्र. मी दाबलं. घुर्रर्र झालं, पण ड्रिल पट्टीवर टेकल्याबरोबर गणपतीच्या मिरवणुकीत नाचल्यासारखं बाजूला सरकलं आणि भलतीकडंच घुसलं. ते भोक मला नको होतं. म्हणून मी ओढून, पाहिजे त्या जागी दुसरं पाडलं. दोन्ही एकमेकांना चिकटली. इंग्रजी आठ असतो ना, तसं दिसायला लागलं.

तिथंच थांबले असते, तर ही गोष्ट एवढ्यावरच संपली असती. पण मला वाटलं, आठाचा शून्य करावा. मोठं ड्रिल लावलं आणि दोन्ही भोकांचं एकत्र कुटुंब करून टाकलं. आता माझी करंगळी त्याच्यातून आरपार जात होती, आणि काठाला धातू उरला होता नखाएवढा.

बाहुली लहान होती. ती त्या भोकातून सरळ पलीकडं पडली.

तरी डोकं चाललं. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत मुनाफ चाचांचं दुकान आहे. पत्र्याच्या कोठ्या, डबे, चाळण्या करतात. आमच्या घरातली धान्याची कोठी त्यांनीच दोनदा जोडली. ह्यांची पाळी सुटायच्या आत जाऊन यायचं. मी पट्टी जुन्या साडीत गुंडाळली, श्रेयाला झोपेतून उचललं आणि हळूच गेट उघडलं.

"कुठं चालली गं?" ओट्यावरून सासूबाई.

"पडद्याचा रॉड वाकलाय, आत्याबाई. सरळ करून आणते."

"गुलमंडीला?"

"व्हय."

"मंग थांब. मला बी बांगड्या भरायच्यात."

आवडाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मूळच्या फर्दापूरकडच्या. त्यांनी थांब म्हटलं की माणसं तर थांबतातच, एस.टी. सुद्धा थांबते. आम्ही तिघी रिक्षात बसलो. पट्टी दोन्ही बाजूंनी बाहेर. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "भाभी, मछली पकडने निकले क्या?" प्रत्येक खड्ड्याला मी पट्टी छातीशी धरत होते आणि श्रेयाला गुडघ्यानं दाबत होते. सासूबाई म्हणाल्या, "रॉडाला लई जपती बाई. पोरगी पडंल ना."

दुकानात चाचा खाली बसून डब्याला बूड ठोकत होते. मी साडी सोडली, आणि तेवढ्यात श्रेयानं पट्टीला मिठी मारली.

"पप्पाचं इमान!"

सासूबाईंनी आधी श्रेयाकडं बघितलं, मग पट्टीकडं, मग माझ्याकडं.

"हा रॉड हाय?"

त्यांनी त्यांची करंगळी भोकात घातली. ती पण गेली.

"म्हंजी तू माझ्या लेकाच्या इमानाला भोक पाडलं?"

"आत्याबाई, त्याला आधीच हजार भोकं आहेत."

"ती त्यानं पाडलीत! त्याचं कामच हाय ते. तू कशापाई पाडलं?"

"तुमच्या लेकाला दृष्ट लागू नये म्हणून."

ह्याच्यावर त्यांनी चक्क मान डोलावली. (आठ वर्षांत पहिल्यांदा. पण तेव्हा मला त्याचा आनंद घेता आला नाही.)

चाचांनी चष्मा वर केला. "इमान? गणपती के डेकोरेशन का?"

"नाही चाचा. खरं. उडणारं."

चाचांनी हातोडी खाली ठेवली. हात लुंगीला पुसले. पट्टी उचलून उजेडाला धरली, भोकातून मला बघितलं, आणि परत साडीवर ठेवली. मग बाजूचा पत्र्याचा एक तुकडा घेतला, त्याच्या काठाला छन्नीनं भोक पाडलं, भोकात खिळा घालून ओढला. चर्रकन काठ फाटून खिळा बाहेर आला.

"किनारे का छेद है ये. इसका भरोसा नक्को."

मला एकदम कळलं. पदराला अगदी काठाशी पिन लावली की तेच होतं. पिन राहते खांद्यावर आणि पदर जातो फाटून. एवढं मला माहीत होतं, रोज पदराला पिन लावते मी! पण साडीतली अक्कल विमानाजवळ गेल्यावर आठवली नाही.

"चाचा, कथलाचा डाग देऊन टाका ना. नाहीतर ठिगळ लावा. कोठीला लावलं होतं तसं."

"देखो बाई, मैं कोठी बनाता. कोठी गिरी तो कित्ते पे से गिरी? दो फुट पे से. गेहूँ बिखरता, औरत मेरेकू गाली देती, बस. इसमें आदमी बैठता ना?"

"हो."

"किसका आदमी?"

"माझा."

"तो मेरेकू नक्को बोलो. जिसका आदमी है, उसकूच बोलो."

आणि त्यांनी साडी पट्टीवर अशी ओढली, जशी कोणावर तरी ओढतात. मला तिथंच रडू आलं. सासूबाईंनी मात्र शेजारच्या दुकानात बांगड्या भरून घेतल्या. एवढ्या लांब आलोच आहोत म्हणाल्या.

परत येताना रिक्षात त्यांनी निकाल दिला. "शिवराजला काय बी सांगायचं नाय. उगं कालवा हुईल. माझ्या लग्नातल्या घागरीला चार भोकं होती, वीस वरीस पाणी भरलं."

"आत्याबाई, घागर गळते. विमान पडतं."

"पडतं म्हणू नको! जीभ लई वाईट असती." आणि माझ्या तोंडावरून हात उतरवून त्यांनी कडाकडा बोटं मोडली.

घरी आल्यावर त्यांनी माझ्या टिकल्यांच्या पाकिटातली सगळ्यात मोठी चंदेरी टिकली काढली आणि भोकावर चिकटवली. लांबून बघितलं. जवळून बघितलं. "तुझ्या कपाळावर असती तर दिसली असती," म्हणाल्या. "हितं नाय दिसत." पट्टी जागेवर गेली. मी बाहुली शोधायला गेले तर ती श्रेयाच्या तोंडात होती.

संध्याकाळी सांगायचं मी ठरवलं होतं. पण हे आले तेच शीळ घालत. जेवताना म्हणाले, "उद्या शेपूट बंद! तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी पूर्ण होतंय माझ्याकडून."

माणूस असं बोलल्यावर त्याला भोक कसं दाखवणार?

"अहो, एक सांगायचं होतं."

"सांग ना."

सासूबाईंनी ताटावरून माझ्याकडं बघितलं.

"भाजीत मीठ जास्त झालंय."

"नाही गं," हे म्हणाले. "मस्त झालीय." आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली.

रविवारी दहाला अभय सर आले. पांढरा शर्ट, खिशात छोटी स्टीलची पट्टी आणि भिंग. ते एकेक पार्ट हातात घेऊन बघायला लागले, आणि सासूबाईंनी त्यांना घाई करायला सुरुवात केली. आधी चहा. मग पोहे. मग परत चहा. "सर, ऊन लई झालं, उरका." "सर, दुपारचं भरीत करू का?" सर हो-हो म्हणत होते आणि बघत होते. शेवटी त्यांनी आमची पट्टी उचलली. मी श्रेयाला एवढं घट्ट धरलं की ती म्हणाली, "मम्मी, सोड."

सरांनी पट्टी फिरवली. थोडा वेळ बघितलं. खाली ठेवली.

"ठीक," म्हणाले. "बसवा. ह्या टोकापासून सुरू करा."

सासूबाईंनी मला डोळ्यानं सांगितलं, झालं बघ. माझ्या सासूच्या जिवात जीव आला आणि माझ्यातला होता तेवढा गेला.

ह्यांनी पट्टी बसवली, वर पत्रा धरला. हवेची बंदूक घेतली. टर्रर्र! पहिली रिपीट. श्रेयानं टाळ्या वाजवल्या. टर्रर्र! दुसरी. ह्यांचा चेहरा असा, की लग्नात सुद्धा मी तसा बघितला नव्हता. (लग्नाच्या फोटोत ते घाबरलेलेच आहेत.) टर्रर्र! तिसरी. टिकली दुसऱ्या टोकाला होती, पण मला ती टॉर्चसारखी चमकताना दिसत होती. मला दिसलं, की हे वर आहेत, खाली वेरूळचा डोंगर आहे, आणि शेपूट माझ्या भोकापासून चर्रकन फाटतंय, जसा चाचांचा पत्रा फाटला. आणि श्रेया अंगणातून वर बोट करून म्हणतेय, पप्पाचं इमान.

"थांबा!"

मी एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या घरातला प्रेशर कुकर सुद्धा दचकला असेल.

"थांबा! त्या टिकलीखाली भोक आहे! मी पाडलं! बाहुलीसाठी पाडलं! आधी आठ झाला, मग मोठं झालं, गुलमंडीला नेलं, चाचांनी नाही म्हणून सांगितलं, भाजीत मीठ बरोबर होतं!"

हे बंदूक हातात धरून उभे. "कसली टिकली?"

"चंदेरी."

त्यांनी पत्रा उचलला. वाकले. नखानं टिकली काढली. मग त्यांनी भोकात करंगळी घातली. (आमच्या घरात हे सगळ्यांनाच करावंसं का वाटतं, कळत नाही.)

"टिकली मी लावली," सासूबाई पटकन म्हणाल्या. "भोक हिचं."

मला वाटलं, आता हे ओरडणार. पण ते नुसते स्टुलावर बसले. टिकली त्यांच्या बोटाला चिकटलेली, ती ते झटकत होते, ती निघत नव्हती. तीन वर्षं त्या बोटाला चिकटून बसल्यासारखं तोंड झालं होतं त्यांचं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

अभय सरांनी पोह्याची बशी खाली ठेवली. "टिकली मी आल्या आल्या पाहिली," म्हणाले. "एवढी वर्षं विमानं पाहिली, नटलेलं विमान आज पहिल्यांदा पाहिलं."

"मग सर, तुम्ही ठीक म्हणालात?" हे.

"मला बघायचं होतं, कोण बोलतंय. ह्या टोकाच्या चार-पाच रिपिटा काढता येतात. पाचवीला मी तुझा हात धरणार होतो. भोक सगळ्यांच्या हातून पडतं, शिवराज. पण ज्या घरात भोक लपतं, त्या घरचं विमान मी तपासत नाही." मग माझ्याकडं वळून, "तुम्ही तिसरीलाच बोललात. पण तुम्ही काठाला का पाडलंत? भोकाच्या मधोमधून काठ किती लांब पाहिजे, माहीत आहे? निदान भोकाच्या दुप्पट."

"माहीत होतं सर. म्हणजे नंतर आठवलं. काठाला पिन लावली की पदर फाटतो."

सर ह्यांच्याकडं बघून म्हणाले, "हे तुला समजावायला मला दोन रविवार लागले होते."

(मी खाली मान घातली, पण कान वरच ठेवले होते.)

मग फोटो काढून नकाशावाल्या कंपनीला पाठवले. मंगळवारी उत्तर आलं. माझं भोक नीट गोल घासून गुळगुळीत करायचं, म्हणजे तडा जाणार नाही. मागून त्याच धातूची पट्टी लावायची आणि ती काठापासून लांब, आठ रिपिटांनी धरायची. एका भोकासाठी अजून आठ भोकं! पण सर म्हणाले, असंच असतं. आधी खूण करायची, मग पंचनं टोचा मारायचा, म्हणजे ड्रिल नाचत नाही, मग ड्रिल. चार संध्याकाळी हे काम चाललं. रिपिटीच्या मागं लोखंडी ठोकळा धरायला बारीक हात पाहिजे होता, तो माझा निघाला. पहिले दोन दिवस हे माझ्याशी फक्त "धर" आणि "सोड" एवढंच बोलले. तिसऱ्या दिवशी "नीट धर" म्हणाले. चौथ्या दिवशी शेवटची रिपीट बसली, तेव्हा म्हणाले, "तुला एवढी भीती वाटते का गं?"

"वाटते."

"मग असं कर, मी पाडलेलं प्रत्येक भोक आधी तू बघत जा. तुझ्याएवढं घाबरून कोणी बघणार नाही."

सरांनी ती पट्टी दाबून, वाकवून, भिंगातून बघितली आणि म्हणाले, आता हा भाग बाकीच्या शेपटीपेक्षा घट्ट आहे. शेपूट बंद झालं. मी त्या दिवशी पोळ्या करताना गाणं म्हटलं.

पण एक वही राहिली होती. विमानात झालेली प्रत्येक चूक त्या वहीत लिहावी लागते. चूक काय, कारण काय, दुरुस्ती काय, खाली सरांची सही. पुढं परवानगीसाठी ती वही दिल्लीला जाते. मी वही उघडून बघितली. माझ्या आधी सहा चुका होत्या, सहाही ह्यांच्या. एकीचं कारण, उजेड कमी होता. दुसरीचं, ड्रिल घसरलं. तिसरीचं, लाईट गेली. चौथीचं, पुन्हा उजेड. बाकी सगळा दोष महावितरणचा. सातव्या चुकीपुढं ह्यांनी लिहिलं होतं, कारण: पत्नी.

"अहो! तुमचं ड्रिल घसरतं, आणि माझ्या वेळी मी घसरते का?"

"ड्रिल घसरलं खरं. पण ते त्या जागी आलं कसं? सर म्हणतात, मूळ कारण लिहायचं असतं."

"मग निदान नाव तरी लिहा माझं. पत्नी काय, कोणाचीही असते."

सरांनाही ते पटलं. म्हणाले, बरोबर आहे, नाव पूर्ण पाहिजे. म्हणून ह्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं, कारण: सौ. तनुजा शिवराज काळवणे. खाली सरांची सही, तारीख आणि शिक्का.

सासूबाईंना वाचता येत नाही, पण सूनबाईचं नाव विमानाच्या सरकारी वहीत शिक्क्यासकट आलं, एवढं त्यांना कळलं. तेव्हापासून घरी कोणी आलं, की त्या वही आणून पान उघडतात आणि माझ्या नावावर बोट ठेवून सांगतात, "बघा, दिल्लीपोतर जाणार." त्यांना वाचता येत नाही, पण पाव्हण्यांना येतं. परवा शेजारच्या गोजरबाई चहा पीत होत्या. त्यांनी सगळी ओळ वाचली, कप हळूच खाली ठेवला आणि विचारलं, "चहा कोणी केलाय?"